नऊ सायकली आणि पोपटची जीप

१४ जुलै १९९७, मिरजगाव
नववीला शिकवलं : डिझेल, कोळसा जळतो, त्याचा वायू हवेत साठतो, पृथ्वी तापत चाललीय. संगीता म्हणाली, मग आपण काय करायचं? म्हटलं, सायकल पोचते तिथं इंजिन कशाला? बोलून गेले. मी स्वतः रोज वस्तीवरून पोरींसोबत पोपटच्या भाड्याच्या जीपनं शाळेत येते.

२१ जुलै
सायकल दुरुस्त करून घेतली. संगीता धरून आठ पोरी, नववी मी. पाय मोडून आलेत, पण मजा आली. पोपटच्या जीपला आज दोनच माणसं. मुद्दाम शेजारी रेस करून आमच्या तोंडावर धूर सोडून गेला.

२ ऑगस्ट
जीप अंगावर घातली. संगीता रस्त्याकडेच्या चारीत पडली, कोपर फुटलं, हाड दिसत होतं. पोपट खाली उतरून म्हणाला, "बाई, पोरींला शिकवा, माज्या पोटावर पाय देऊ नका." मग माझ्या जातीवरून बोलला. ते लिहीत नाही.

४ ऑगस्ट
शाळेच्या फाटकाशी पहार घेऊन आला. तीन सायकलींची चाकं वाकवली. चौथीवर उगारली तेव्हा माझ्या हातात हवेचा पंप होता. मारला. जबडा फुटल्याचा आवाज. तो पडला. पडल्यावर आणखी एकदा मारला. पोरी बघत होत्या.

५ ऑगस्ट
फौजदार म्हणतात, दोघांच्याही तक्रारी आहेत, मिटवून घ्या. हेडसर म्हणतात, माफी मागा. पाच पोरींच्या सायकली बापांनी बंद केल्या.
संध्याकाळी पोपटची बायको आली. दारातच उभी राहिली. त्याला तोंड उघडता येत नाही, पेज पाजते म्हणाली. "धा वर्सं त्यांनीच पोरी न्हेल्या-आनल्या. कुनाला खरचटलं न्हाई. धुराचं त्यांना कुनी सांगितलं हुतं?"
खरंच, कुणीच नाही. मीही नाही. पण संगीताचं कोपर...

९ ऑगस्ट
संगीता गळ्यात हात अडकवून चालत आली. वर्ग सुटल्यावर थांबली. "बाई, पयल्यांदा मारलं ते कळलं. दुसऱ्यांदा का?"
राग आला होता, म्हणाले. तेवढं तिला पुरलं नाही.
उद्या सकाळी पोपटच्या घरी जाणार. सायकलनंच. माफी मागायला की त्याच्याकडून मागायला, अजून ठरलं नाही.