मंडपातले सगळे ‘अहो’

रविवार, १४ डिसेंबर. दुपारी सव्वा वाजता, खुलताबादच्या लग्नात, बँडच्या गदारोळात मी ह्यांना तीनदा ‘अहो’ म्हटलं. ढिम्म! तेवढ्यात ह्यांच्या जुन्या ऑफिसातली शकीला मटणाच्या रश्श्याचा वाडगा पुढे करत पलीकडून हळूच म्हणाली, “वसंत, खलिया लो ना,” आणि ह्यांची मान गर्रकन वळली.

डॉक्टर भाची हसली. “मावशी, कानावर सगळंच पडतं, पण मेंदू आपलं नाव तेवढं टिपतो. ‘अहो’ तर मंडपातली प्रत्येक बायको ओरडत होती.”

कॉन्व्हेंटात शिकूनही मी चाळीस वर्षं नवऱ्याचं नाव घेतलं नाही, आणि ती शकीला खुशाल घेते. वसंत म्हणे!

हे पान ह्यांच्या उशीवर ठेवतेय. उद्या सकाळच्या चहाआधी लेखी उत्तर हवं: मी ‘वसंत’ म्हटलं, तर तितक्याच झटकन वळाल का?