नापास केलेला माल

गॉलवे, ११ ऑगस्ट २०२१

बाबा,

पाकिस्तानी लष्कराला जाणारा माल मी नापास केला, एवढंच परवा फोनवर म्हटलं आणि तुम्ही लगेच म्हणालात, "शाब्बास! परेशची बहीण शोभतेस." मग पुढचं सांगायचं राहिलं.

जखमेचं रक्त थांबवायला हातापायाला आवळायचे आमच्या कारखान्यातले पट्टे अमेरिकन सैन्याला जातात, आणि आता त्यांचा युद्धातला दोस्त म्हणून पाकिस्तानलाही. हाच दोस्त अमेरिकन सैनिकांना मारणाऱ्यांना थारा देतो, असा संशय खुद्द अमेरिकाच घेते. काबूलच्या बातम्या बघून तुम्ही चिडता, तशी मीही चिडते. काश्मीरमध्ये तैनात असताना परेशवर गोळ्या झाडणारे पाकिस्तानातूनच आले होते.

म्हणून त्या मालाच्या तपासणीत पट्ट्याचं बक्कल सटकलं, तेव्हा वाटलं, जाऊ दे असाच. सुपरवायझर ऑर्लाही म्हणाली, "ग्रँड आहे गं, चालतंय, सही कर, ट्रक खोळंबलाय."

मी पट्टा स्वतःच्या दंडाला आवळला. पुन्हा सटकला. परेशच्या मांडीतलं रक्त थांबलं नाही म्हणून तो गेला, हे तुम्हीच सांगितलं होतंत. मी सही केली नाही. सगळी बक्कलं बदलून घेतली आणि आज माल पास केला. आता ते पट्टे त्यांच्या जवानांचं रक्त थांबवतील.

हे पत्र टाकणार नाही, तुम्ही ते न वाचता ठेवून द्याल. रविवारी फोनवरच सांगेन. फोन आपटलात, तर पुन्हा लावेन.

तरीही परेशचीच बहीण,
शिवांगी