जीपचं डावं दार

डिचोली, १८ जानेवारी २०२६

प्रिय गौरेश,

रविवार, ११ जानेवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मी पेडण्याला सुमंगलामावशीला बघायला गेले होते, तेव्हा तू हरी मेस्त्रीला आणून बाबांच्या जीपच्या डाव्या दाराचा जुना खटका काढलास आणि नवा बसवलास. वेळ शेजारच्या गंगाने सांगितली. तक्रारीत आधी तारीख आणि वेळ लिहावी, हे कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलं. पुढे तीस वर्षं मामलेदार कचेरीत मी तेच केलं.

बिजागऱ्यांना तेल घातलंस, रबर बदललंस, त्याबद्दल भांडत नाही. पण वर फोनवर म्हणालास, "आई, बाबांचं राहून गेलेलं काम केलं. आता तू आतूनही दार उघडू शकतेस." अरे शहाण्या, ज्या माणसाने खाणीवरचे ट्रक चालते ठेवले, त्याला घरच्या जीपची एक मूठ बसवता येत नव्हती?

तू चार वर्षांचा होतास, जीपमध्ये मागच्या सीटवर झोपला होतास. आम्ही पेडण्याला निघालो होतो. वाटेत कळलं की हे मला न विचारता माझ्या साहेबांना भेटून माझी वाळपईची बदली रद्द करून आले. बढतीवरची बदली होती ती. मी म्हटलं, गाडी थांबवा. हे म्हणाले, घरी गेल्यावर बोलू. मी चालत्या गाडीचं दार उघडून उतरले. गुडघा फुटला, साडी फाटली, आणि मी अस्नोड्यापर्यंत चालत गेले. हे मागून जीप हळूहळू आणत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच आतली मूठ काढली आणि खटक्याचा आतला दांडा कापला. म्हणाले, "थांब म्हणालीस की थांबेन. दार मी येऊन उघडीन. आणि तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही." तिन्ही गोष्टी पाळल्या. छत्तीस वर्षं पुढून वळसा घालून यायचे आणि दार उघडून म्हणायचे, "देंव गे आतां," उतर गं आता. शेवटच्या वर्षी काठी टेकत, बॉनेटला धरत यायचे. बाजारातली माणसं हसायची. खिडकीतून हात बाहेर काढून मला दार उघडता आलं असतं. मी कधी उघडलं नाही.

काल दुपारी मी जीपमध्ये बसले. नवा खटका दाबला, दार उघडलं. इतकं सोपं की मला उतरायचाच कंटाळा आला. अर्धा तास तशीच बसून होते. दमले रे मी. न विचारता माझी सोय करणारी माणसं आता फार झालीत.

हरी मेस्त्रीला विचारलं. जुना खटका त्याच्या डब्यात आहे आणि ३१ तारखेला तो डबा भंगारात जाणार. तो माझ्या हातात द्यायला तयार नाही. काम तू दिलंस म्हणून तूच हवास. तेव्हा मुरगावहून स्वतः ये, खटका घे आणि होता तसा बसव. मी डाव्या सीटवर बसून राहीन. काम झालं की पुढून वळसा घालून ये आणि बाहेरून दार उघड. येतोस की नाही, ते शुक्रवार ३० जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळव. मोबाईलवरचा अंगठा मी उत्तर धरणार नाही.

तुझीच,
आई