नोहोराचे सोळा दरवाजे

८ एप्रिल
आयटीच्या प्रमुखपदी नोहोरा. मी नाही. कोलंबियातल्या रिओनेग्रोच्या ह्या फुलांच्या कंपनीत मला चौदा वर्षं झाली, तिला तीन. सहाशे माणसं आपापल्या एकाच लॉगिनने सगळीकडे शिरतात: ऑर्डरी, शीतगृहं, विमानाचं बुकिंग. त्या लॉगिन यंत्रणेच्या किल्ल्या कोणाकडे? माझ्याकडे. तरी हसून अभिनंदन केलं. मग दोन बुन्युएलो खाल्ले. तळलेलं मना आहे, पण आज तिच्यामुळे खाल्लं.
संकल्प: सूड. शांतपणे, शिस्तीत.

९ एप्रिल, सकाळी
योजना पक्की. माऊसने एकेक परवानगी काढत बसलो तर महिना जाईल. तयार कोडची एक फुकट लायब्ररी सापडली. पायथनच्या चार ओळी लिहायच्या, की कोणी कुठे शिरायचं ते आपण ठरवायचं. रोज तिचं एक दार बंद. मदर्स डेच्या गर्दीआधी बाई रडत राजीनामा देईल.

९ एप्रिल, संध्याकाळी
लायब्ररी इन्स्टॉल होत नाही. लिहिणाऱ्याला अक्कल नाही.

१२ एप्रिल
झाली. पायथन माझंच जुनं होतं. ते महत्त्वाचं नाही. तिच्या लॉगिनला गुलाबांच्या शीतगृहाचं दार बंद केलं. दिवसभर तिच्या ओरडण्याची वाट पाहिली. ओरडली नाही. मानी आहे.

१५ एप्रिल
आणखी सहा. चार वाजता ती स्वतःसाठी आणि माझ्यासाठी काळी कॉफी घेऊन आली. आदराने म्हणाली, "डॉन लिबार्दो, गुडघा कसा आहे?" डाव असणार. संशय नको म्हणून प्यायलो. चांगली होती.

१७ एप्रिल
लूप लावला. एका दमात नऊ. एकूण सोळा. तिच्याकडे आता ईमेल आणि रजेचा अर्ज उरला. जेवताना खळखळून हसत होती. घाव खोल गेलाय.

१८ एप्रिल
बोलावणं आलं. दार कोणी बंद केलं ते यंत्रणा नावानिशी नोंदवते म्हणे. लायब्ररीच्या माहितीत पहिल्याच पानावर लिहिलंय. पहिलं पान कोण वाचतं?
नोहोरा म्हणाली, "माझी सोळा दारं बंद केलीत." पुढे म्हणाली, "त्यातलं एकही मी वर्षभरात उघडलेलं नाही. माझं लॉगिन कोणी चोरलं असतं, तर त्या चोराचीच सोय होती ती. सगळ्यांच्या जादा परवानग्या काढा म्हणून मी बैठकीत कधीची सांगतेय. कोणी हललं नाही. तुम्ही केलंत, आणि तेही साहेबापासून सुरुवात."
तिला खरं कळलंय का? चेहऱ्यावरून समजेना. शेवटी म्हणाली, "आता सगळ्यांचं करा. ज्याच्याकडे सर्वांत जास्त, तो पहिला."

१९ एप्रिल
यादी काढली. पहिलं नाव: लिबार्दो ओकाम्पो, चारशे बारा परवानग्या. दुसऱ्याकडे एकतीस. ती शेजारी उभी. मी म्हटलं, अडीअडचणीला लागतात. तिने विचारलं, शेवटच्या कधी लागल्या? आठवेना. स्वतःच्या हाताने बटण दाबलं. लायब्ररी एकदाही अडखळली नाही.

२२ एप्रिल
भर सभेत टाळ्या. प्रशस्तिपत्रक. ठेवलं खणात.
सूड नव्याने सुरू करायचा. आता त्याला नोहोराची परवानगी लागते. अर्ज भरला. 'कारण' ह्या रकान्यात काही सुचेना, शेवटी 'किरकोळ काम' लिहिलं. पाच मिनिटांत नोहोराचं उत्तर आलं: "डॉन लिबार्दो, नेमकं कोणतं?"