समोरचा

कूबर पेडी,
मंगळवार, दुपार

प्रिय दान्का,

काल तुझा फोन ठेवल्यापासून मी नुसता बसून आहे. तोंडानं सांगवलं नाही, म्हणून लिहितो.

आपल्या बुद्धिबळ क्लबाच्या, जमिनीखालच्या गुहेला कुलूप लागून दोन वर्षं झाली. चार म्हातारे उरलो होतो, त्यातल्या दोघांना पायऱ्या उतरवेनात. तू ॲडलेडला बसून तो क्लब इंटरनेटवर उभा केलास, तेव्हा मी हसलो होतो. पण तू गुहेतले सगळे रिवाज तिथे नेलेस. नव्या माणसाचा पहिला डाव सर्वांत म्हाताऱ्याशी. हरणाऱ्याला टोमणा मारायचा, पण त्याची चूकही दाखवायची. आणि हात मिळवल्याशिवाय उठायचं नाही. दोघांनी ‘हात’ नावाचं बटण दाबल्याखेरीज तुझ्याकडे डाव मिटतच नाही. आता फिजीची एक शिक्षिका आणि पर्थचा एक ट्रकवाला डाव संपल्यावर माझ्याशी तासभर भांडतात. गुहेत एवढी वर्दळ कधीच नव्हती गं.

महिन्यापूर्वी ‘समोरचा’ नावाचा कुणी आला. माझा घोडा कडेला अडकला, तसं त्यानं लिहिलं, “घोड्याला पाणी पाज रे वुकाशिन, मरेल तो!” असं फक्त स्तिपे म्हणायचा. तुला ओपलच्या रंगीत खड्यांचे तुकडे द्यायचा तो क्रोएट. नऊ वर्षांपूर्वी खाणीकडे गेला नि परतला नाही.

तुला कधी सांगितलं नाही. त्या दुपारी तो माझ्याशीच खेळून गेला. मायदेशातल्या सर्ब-क्रोएटांच्या जुन्या लढाईवरून आमची आधीच जुंपली होती, त्यात मी हरलो. त्यानं हात पुढे केला, मी केला नाही. “बरं, बस मग तसाच,” म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला.

‘समोरच्या’शी मी रोज खेळलो, रोज हरलो. तो ‘हात’ काही दाबायचा नाही. गेल्या गुरुवारी मी लिहिलं, “स्तिपे, चुकलं माझं.” मग उमटलं, “जळक्या ट्रकच्या पूर्वेला तिसरा खड्डा. खाली गारवा आहे.” आणि त्यानं हात दाबला.

मी पोलिसांना सांगितलं. शुक्रवारी स्तिपे सापडला. पट्ट्याच्या बकलवरून ओळख पटली. येत्या शनिवारी त्याला पुरायचंय.

परवा सार्जंट केलर घरी आला. “नऊ वर्षं कुणाला सापडला नाही, तो खड्डा तुम्हाला कुणी दाखवला?” मी म्हणालो, माझ्या मुलीकडे सगळं नोंदलेलं असतं. म्हणून काल तुला ते डाव शोधायला लावले. तू सगळ्या नोंदी चाळल्यास. मग म्हणालीस, “बाबा, या नावाचं कुणीच नाही. महिनाभर दोन्ही बाजूंनी तूच खेळतोयस.” केलर आता तुला फोन करील. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. फक्त त्याच्या आधी मला सांग, दान्का, तुला काय वाटतं? तो खड्डा मला पहिल्यापासून ठाऊक होता का?

तुझाच,
बाबा