दुसरी फळी

३ फेब्रुवारी

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तू आणि घरातली सगळी मंडळी बरी असाल. मीही बरी आहे. दोन वर्षांनी ताईचं पत्र, तेही हातानं लिहिलेलं, म्हणजे काहीतरी काम असणार असं तुझ्या मनात येईल. काम काही नाही. फोन हातात घेतला की आई गेली तेव्हा आपण एकमेकींना काय काय बोललो ते आठवतं आणि मी तो खाली ठेवते. कागद बरा. तो मध्येच तोडून बोलत नाही.

बातमी अशी, की मी सध्या दुसरी फळी तयार करते आहे. आमच्या रुग्णवाहिका सेवेतली माणसं कामाला वाघ आहेत. फोन आला, पत्ता घेतला, जवळची गाडी सोडली, यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण आजचा दिवस पार पाडणं वेगळं, आणि दहा वर्षांनी या शहराला किती गाड्या, कुठे आणि कशासाठी लागतील ते आज ठरवणं वेगळं. ते प्रमुख म्हणून मी एकटीच करत आले. माझ्यानंतर कोण, हा प्रश्न संचालकांनी कधी विचारला नव्हता. तो मीच मांडला. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या निवृत्तीला चार वर्षं आहेत. एवढी घाई कसली?" मी म्हटलं, माणूस घडायला वेळ लागतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. बैठकीच्या इतिवृत्तात माझ्या नावापुढे 'दूरदृष्टी' असा शब्द लागला आहे.

तिघांना निवडलं. एक इंजिनिअर, एक सिस्टर आणि एक ब्रेक. ब्रेक पूर्वी आमच्याकडे ड्रायव्हर होता. कुणी तावातावानं बोलायला लागलं की शांतपणे "जरा थांबूया" म्हणतो, म्हणून सगळे त्याला ब्रेक म्हणतात.

दर मंगळवारी सकाळी तिघांना फोनपासून लांब, वरच्या खोलीत बसवते. पहिल्या मंगळवारी तिघंही रोजचीच रडगाणी घेऊन आले. टायर, रजा, बिघडलेला वायरलेस. मी म्हटलं, ते खाली ठेवून या. मग नकाशावर हात ठेवून विचारलं, "नदीपलीकडे आज शेतं आणि दोन-चार कारखाने आहेत. उद्या तिथे वीस हजार घरं झाली आणि त्यातली निम्मी माणसं सत्तरीची असली, तर?" इंजिनिअरनं चार आठवडे खपून उत्तर आणलं, सगळ्या गाड्या मध्यभागी एका मोठ्या केंद्रात आणायच्या. कागदावर बिनतोड. ब्रेकनं त्या केंद्रावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "आणि केंद्रासमोरचा रस्ताच तुंबला तर?" इंजिनिअरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण पुढच्या मंगळवारी तो स्वतःच दुसरा आराखडा घेऊन आला. अशा वेळी वाटतं, जमेल यांना.

शिवाय प्रत्येकानं एकेक महिना माझी खुर्ची सांभाळायची. नावापुरती नाही. त्या महिन्यात शेवटचा शब्द त्याचा, मी बाजूला बसणार. तसं माझ्या सहीनं लेखी दिलं आहे.

एक विचारायचं होतं. आईचं सुरू झालं तेव्हा अगदी पहिल्यांदा तुझ्या काय लक्षात आलं? तेव्हा ती साठीची होती की त्याआधीची? सहजच विचारते. मंगळवारी म्हाताऱ्या माणसांच्या आजारांचा विषय निघतो, म्हणून.

तुझी,
ताई


१९ मार्च

प्रिय बारके,

तुझं उत्तर आलं. चारच ओळी, पण आलं. 'आई एका सकाळी तीनदा दुकानात गेली आणि तिन्ही वेळा साबण घेऊन आली. अठ्ठावन्नची होती. मी तुला तेव्हाच कळवलं होतं आणि तू म्हणाली होतीस की मी वाढवून सांगते.'

म्हणाले होते. खोटं कशाला बोलू.

गेल्या गुरुवारी दुपारी साडेबाराला नदीपलीकडच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर फुटला. या महिन्यात खुर्ची ब्रेककडे आहे. ब्रेकबद्दल तुला सांगायचं राहिलं. हा पूर्वी आमच्याकडे ड्रायव्हर होता. कुणी तावातावानं बोलायला लागलं की शांतपणे "जरा थांबूया" म्हणतो, म्हणून सगळे त्याला ब्रेक म्हणतात.

पाच मिनिटांत तीस फोन आले. ब्रेक मान खाली घालून ऐकत होता आणि लिहीत होता. मला वाटलं, हा गडबडला. मी शेजारचा माइक ओढला आणि म्हटलं, "तीन, चार आणि नऊ नंबर, जुन्या पुलावरून निघा. लगेच."

ब्रेकनं वर पाहिलं. "मॅडम, जुना पूल बंद आहे."

"मला शहर शिकवू नकोस. तिथून सहा मिनिटं लागतात."

"बंद होऊन तीन वर्षं झाली. पत्रक तुम्हीच काढलं होतं."

बारके, मला काहीच आठवेना. अंधुकसुद्धा नाही. भिंतीवरच्या नकाशात त्या पुलावर लाल पट्टी आहे, तिच्यासमोर मी रोज बसते, आणि त्या क्षणी ती पट्टी मला कुणीतरी आत्ताच चिकटवल्यासारखी दिसली. मी ब्रेकच्या तोंडाकडे पाहत राहिले. मला खरोखर वाटलं की हा खोटं बोलतो आहे, मला या खोलीतून घालवायला टपला आहे. आईला शेवटी शेवटी तुझ्याबद्दल असंच वाटायचं ना? तू तिचे पैसे लपवतेस, असं ती मला फोनवर सांगायची. आणि मी ऐकून घ्यायचे.

ब्रेकनं माझ्या हातातून माइक काढून घेतला. हिसकावला नाही. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसा घेतला. "या महिन्यात शेवटचा शब्द माझा आहे," म्हणाला आणि गाड्या नव्या पुलाकडे वळवल्या. खोलीतल्या सगळ्यांनी मान खाली घातली आणि कामाला लागले.

तीन आणि नऊ नंबरचे ड्रायव्हर माझा हुकूम ऐकून घुटमळले होते, ते लगेच वळले. चार नंबरवाला मात्र जवळच होता, तो पुलाच्या तोंडाशी पोचलाही होता. पूल बंद आहे हे त्यालाही माहीत होतं. पण मॅडम सांगतात म्हणजे आज खास उघडला असेल, असं त्याला वाटलं. त्याला अकरा मिनिटं जास्त लागली.

एकोणीस जखमी. सगळे जगले. चार नंबरनं आणलेल्या कामगाराचा डावा हात काढावा लागला. मी सर्जनला फोन केला. ते म्हणाले, "त्या अकरा मिनिटांचा संबंध नसावा." नसावा. नाही असं ते म्हणाले नाहीत.

आता खरं लिहिते. गेल्या ऑगस्टमध्ये भरबैठकीत मला अध्यक्षांचं नाव आठवलं नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं मी वेळ मारून नेली. त्यानंतर एकदा कामावरून सुटून आपल्या जुन्या घराच्या जिन्यात जाऊन उभी राहिले, किल्ली लागेना म्हणून कुलपावर चिडले. आतून परकं माणूस आलं तेव्हा भान आलं. या दोन गोष्टींनंतर मी दुसऱ्या फळीचा प्रस्ताव लिहिला. दूरदृष्टी कसली डोंबलाची. पायाखालची जमीन सरकायच्या आत कुणाचा तरी हात धरायचा होता.

ब्रेकनं घटनेचा अहवाल तयार केला आहे. त्यात लिहिलं आहे, 'संपर्कात अडथळा आल्यामुळे एका गाडीस विलंब.' माझं नाव कुठेच नाही. सिस्टर आणि इंजिनिअर यांनी सह्या केल्या. माझी तेवढी बाकी आहे. कागद चार दिवस माझ्या टेबलावर आहे. सही केली तर कुणालाही काही कळणार नाही.

बारके, मला सही करावीशी वाटते. फार वाटते.

ताई


६ एप्रिल

प्रिय बारके,

तुझं सहा पानी पत्र दोनदा वाचलं. तू लिहिलंस, की ब्रेकची ओळख मी दोन्ही पत्रांत करून दिली, शब्दाला शब्द तीच. मी पत्र खाली ठेवलं. मग ते वाक्य पुन्हा वाचलं. तू हे न लिहिता सोडून देऊ शकली असतीस. सोडलं नाहीस, बरं केलंस.

सही केली नाही. तुझं पत्र यायच्या आधीच अहवाल घेऊन ब्रेककडे गेले होते, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेव.

त्याला म्हटलं, "हे खोडून खरं लिही."

तो म्हणाला, "मॅडम, तुमची छत्तीस वर्षं आहेत. एका दुपारसाठी ती घालवायची का?"

"त्या दुपारी तू मला थांबवलंस. आज का थांबवत नाहीस?"

त्यानं अहवाल माझ्या हातातून घेतला. मग म्हणाला, "तेव्हा समोर जखमी होते. आज समोर तुम्ही आहात."

मी त्याला म्हटलं, की नेमकं इथेच तुला शिकायचं आहे. गर्दीत माइक काढून घ्यायला धाडस लागतं, ते तुझ्याकडे आहे. पण आपल्या माणसाची चूक झाकली, की पुढचा चार नंबरवाला पुन्हा बंद पुलावर जाऊन उभा राहणार, कारण वरून आलेला शब्द चुकू शकतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नसणार. मग मी ऑगस्टपासूनचं सगळं त्याला सांगितलं. जिन्यातलंसुद्धा.

त्याचा चेहरा उतरला, आणि मग तो रागावला. मी त्याला कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. "म्हणजे तुम्ही आम्हाला घडवत होता, की आम्हाला पहाऱ्यावर बसवत होता? न सांगता? त्या दिवशी मला माहीत असतं, तर तुमच्यासमोर माइक ठेवलाच नसता."

मी म्हटलं, "दोन्ही करत होते. आणि न सांगणं ही माझी पुलापेक्षा मोठी चूक." त्यानं अहवाल पुन्हा लिहिला. माझ्यासमोर, मला विचारत विचारत. दोनदा त्याचं पेन थांबलं.

अध्यक्षांनी वाचून चष्मा काढला. म्हणाले, तुम्ही वर्षभर सल्लागार राहा, खुर्ची कागदोपत्री तुमचीच ठेवू. मी नको म्हटलं. आईही घराच्या किल्ल्या कमरेला लावूनच हरवत गेली, आणि तुला धड घर चालवता येईना की तिला सोडता येईना. मी त्या तिघांचं तसं करणार नाही. एक तारखेपासून प्रमुखपदावर ब्रेक आहे. सिस्टर आणि इंजिनिअर त्याच्या दोन बाजूंना. मंगळवारच्या बैठका त्यांनी चालू ठेवल्या आहेत. मला बोलावतात. काल मी एकच वाक्य बोलले, तेही खाली जाऊन सिस्टरला विचारलं, बरोबर होतं का म्हणून.

त्या कामगाराला भेटायला गेले होते. ब्रेक बरोबर आला. बायको उशाशी बसली होती. तिनं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही होता का तिथे?" मी म्हटलं, "होते. गाडी माझ्या चुकीमुळे उशिरा आली." नवरा छताकडे पाहत होता. ती उठली आणि तिनं खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. आम्ही थोडा वेळ पडद्याबाहेर उभे राहिलो आणि परत आलो. क्षमा मिळावी म्हणून गेले होते की काय, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

आता माझी भीती. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की ती कमी होईल. झाली नाही, फक्त लपवण्याचे कष्ट वाचले. सकाळी उठल्यावर डोळे न उघडता मी आजची तारीख म्हणून पाहते. जमली तरी धीर येत नाही, कारण उद्या आहेच. कपाट उघडून उभी राहिले की वाटतं, मी कशाला आले होते हे विसरले, का सगळ्यांसारखी नुसती घोटाळले? हे आता मला ओळखता येत नाही, आणि हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे. तपासणी अजून व्हायची आहे. कदाचित दुसरंच काही निघेल, असं डॉक्टर म्हणतात. ते सगळ्यांना तसंच म्हणत असतील.

आईला डॉक्टरांकडे तू एकटी न्यायचीस. दर वेळी मला विचारायचीस, ताई, या वेळी येतेस का, आणि मला दर वेळी ड्यूटी असायची. ड्यूटी नसायची गं, बारके. निदान तीनदा तरी नव्हती. मला तिच्याकडे पाहवत नव्हतं. तिच्यात मला मी दिसायचे. तू वाढवून सांगत नाहीस, हे मला तेव्हाही माहीत होतं.

एकवीस तारखेला सकाळी दहाला माझी वेळ आहे. बरोबर घरचं कुणीतरी हवं, म्हणतात. ब्रेक येतो म्हणाला, सिस्टरही म्हणाली. दोघांना नको म्हटलं. तू नाही म्हणालीस तर मी एकटी जाईन आणि तुला बोल लावणार नाही, तो हक्क मी केव्हाच घालवला. पण आत गेल्यावर डॉक्टर विचारतील, हे कधीपासून, आधी कशा होता, आता काय बदललं. माझ्या उत्तरावर माझाच भरवसा नाही. मी आधी कशी होते हे सांगू शकेल असं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

माझी बाजू घेऊ नकोस. जशी होते तशी सांग.

येशील का?

घाबरलेली,
तुझीच ताई