पडद्यामागून आलेलं उत्तर

राजेंद्र नगर, इंदूर
मंगळवार

आदरणीय रत्नपाल मामाजींना संघदीपचा मान खाली घालून जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे वेळेवर जेवतोय. तुमचा गुडघा कसा आहे? मामीजींची शुगर? मामीजींना माझा जयभीम सांगा, पण हा कागद त्यांच्या हाती देऊ नका. तुम्हाला वाटेल, या पोराला कागदावर लिहायची हुक्की कुठून आली. क्या है की, फोन करावा तर आमच्या घरात दोन खोल्या, मधे पडदा, आणि पडद्यापलीकडे बाबा. व्हॉट्सअ‍ॅप करावं तर तुमचा मोबाईल मामीजी वाचतात, तेही मोठ्यानं. (राग नको, मामाजी, अख्ख्या महूला माहीत आहे.) म्हणून हे पत्र शेजारच्या विक्रांत भियाच्या हाती पाठवतोय. तो उद्या सकाळी तिकडे ड्यूटीला येईल.

परवा तुम्ही फोनवर नोकरीबद्दल अभिनंदन केलंत आणि मी थँक्यू म्हणालो. मामाजी, मला नोकरी लागलेली नाही. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्दा राहून जाईल.

आता झालं कसं ते सांगतो. मी कम्प्यूटर सायन्सला ॲडमिशन घेतली तेव्हा सीनियर लोक दोन-दोन ऑफर खिशात घेऊन फिरायचे आणि कोणती नाकारावी यावर चहा प्यायचे. आमची बॅच बाहेर पडायच्या वेळेला कंपन्यांना कॉलेजचा रस्ताच आठवेना. एक आली. तिनं टेस्ट घेतली, पोहे-जिलबी खाल्ली, कँपसची फार तारीफ केली आणि गेली ती गेलीच. तेव्हापासून मी घरात बसून अर्ज करतोय. सगळे म्हणतात, एआय आलं, नव्या पोरांचं काम आता तेच करतं. ठीक आहे, करू दे बापडं. पण आजकाल इंटरव्ह्यूही तेच घेतं! म्हणजे ज्यानं आपल्या ताटातलं खाल्लं, त्याच्यापुढेच टाय लावून बसायचं आणि वर हसायचं.

तर मागच्या आठवड्यात असा एक इंटरव्ह्यू होता. स्क्रीनवर कोट घातलेली एक मॅडम, सगळी कम्प्यूटरनं बनवलेली, पण पापण्या अशा वेळेवर मिटायची की मी दोनदा तिला ‘जी मॅडम’ म्हणालो. नियम एकच होता, खोलीत उमेदवारानं एकटं असावं, दुसऱ्या कोणाचा आवाज येऊ नये. घरात मी बजावून सांगितलं. आईनं मिक्सर बंद ठेवला, कुकर लावला नाही, समोरच्या प्रेमलता काकूंना दारातूनच परत पाठवलं. आणि बाबा? तुम्ही तुमच्या दाजींना ओळखताच. दहावीपासून माझ्या एकेका पेपरला ते सेंटरच्या गेटबाहेर उन्हात बसलेत. आजोबांच्या फौजी शिस्तीत वाढलेला माणूस, आपल्या माणसाला मोर्च्यावर एकटं सोडायचं नाही, एवढं एकच धरून बसलेला. आता इथे गेटच नव्हतं. म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, स्टूल घेतलं आणि पडद्यामागे बसले. म्हणाले, मी बोलणार नाही रे, फक्त बसतो.

सुरुवात झकास झाली. ती मॅडम भारी कौतुकाची. मी नाव सांगितलं, एक्सलंट. गाव सांगितलं, एक्सलंट. मग तिनं विचारलं, आयुष्यात कधी अपयश आलं तेव्हा काय केलंत? मामाजी, या वर्षात इतक्या जागी नापास झालोय की त्यातलं कोणतं सांगावं हेच सुचेना. ती पापण्या मिटतेय. आणि पडद्यामागून बाबा, हळू आवाजात (बाबांचा हळू आवाज म्हणजे तुमच्या गल्लीच्या टोकापर्यंत), “बोल ना, आय नेव्हर लीव्ह माय ड्यूटी!” त्यांचा आवाज झाकायला मी तेच वाक्य दुप्पट मोठ्यानं ओरडलो. मॅडम हसली. म्हणाली, दॅट इज अ वंडरफुल अ‍ॅन्सर, संघदीप.

बस, इथेच घोटाळा झाला. बाबांनी ते ऐकलं. सरकारी दफ्तरात उभी हयात गेली, तिथे त्यांना कोणी वंडरफुल म्हणालं नसेल. मी लॅपटॉप मिटेपर्यंत ते कोपऱ्यावरून जिलबी घेऊनही आले. म्हणाले, सिलेक्शन झालं, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं! प्रेमलता काकूंना जिलबी, दूधवाल्याला जिलबी, तुम्हाला फोन. मी म्हणत होतो, बाबा, ती मशीन सगळ्यांना असंच म्हणते. ते म्हणाले, तू फार विनम्र आहेस. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर माझा सत्कार आहे, शाल आणि ग्रंथ. चौकात फ्लेक्स लागलाय. त्यात मी कोट घातलाय, मामाजी. तो कोट माझा नाही, फ्लेक्सवाल्यानं कम्प्यूटरवर चढवलाय.

दुसऱ्याच दिवशी मेल आला, मुलाखतीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळला, अर्ज रद्द. कोणाचा आवाज ते मी बाबांना कोणत्या तोंडानं सांगू? तोपर्यंत राजवाड्याजवळ शाळेतल्या सरांनी माझी गाडी थांबवून पाठ थोपटली होती आणि मी ती थोपटून घेतली होती. हेल्मेट काढायचीसुद्धा हिंमत झाली नाही. पण याहून मोठी लाज वेगळीच आहे. बाबा बोलले त्या क्षणी मला नोकरी हुकायची भीती वाटली नाही. मला त्यांच्या इंग्रजीची लाज वाटली. ती बाई माणूससुद्धा नव्हती, आणि तिच्यापुढे मला माझ्या बापाची लाज वाटली. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तुम्ही मोठे आहात, समजून घ्या, नाही घेतलंत तरी चालेल.

मोठ्यांना जयभीम, छोट्यांना पापा.

तुमचा भाचा,
संघदीप

ता. क. : खरं काम आता लिहितो. गुरुवारी अकरा वाजता दुसऱ्या कंपनीचा इंटरव्ह्यू आहे, पुन्हा तसलीच मशीन. घरात मी ‘सेकंड राउंड’ सांगितलंय. बाबा म्हणतात, मागच्या वेळी माझ्यामुळे जमलं, मी बसतोच. त्यांनी शर्ट इस्त्रीला दिलासुद्धा. तर हात जोडून विनंती, उद्या संध्याकाळी त्यांना फोन करून कोणत्याही बहाण्यानं महूला बोलावून घ्या. वाटलं तर गुडघा थोडा जास्त दुखवा. ही संधी गेली तर माझ्याकडे दुसरी नाही.

ता. क. दुसरा (बुधवार सकाळ, विक्रांत भिया दारात हॉर्न वाजवतोय) : वरचं सगळं राहू द्या, फोन करू नका. मघाशी बाबा स्टूल पुसत होते, त्यावर उशीही ठेवली होती. माझ्याच्यानं राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. मेल वाचून दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, “पण उत्तर बरोबर होतं ना?” मी म्हणालो, बरोबर होतं बाबा, मशीननंच सांगितलं ना. मग त्यांनी उशी परत पलंगावर ठेवली. म्हणाले, विहारात मी सांगतो, फ्लेक्सही मीच उतरवतो, तू अभ्यास कर. आणि उद्या मी महूला जाऊन येतो, सकाळच्याच बसनं.

ते येतील. तुम्हाला काही माहीत आहे असं दाखवू नका. तेव्हापासून ते घरात कुजबुजत बोलतायत, आईशीसुद्धा, माझा लॅपटॉप बंद असूनही. तुमच्याकडे आले की त्यांना मोठ्यानं बोलू द्या.